दोन तासांचे पाहुणे

"भाऊ, आमी बाहेरगावचे लोक. इथं पाहासारखं काय काय आहे?"

यवतमाळच्या दत्त चौकातल्या पानठेल्यावर एक वयस्क गृहस्थ विचारत होते. डोक्यावर पांढरी कापडी टोपी, खांद्याला पाण्याची बाटली, पायात नवेकोरे बूट. ठेलेवाला पानाला चुना लावता लावता म्हणाला, "काकाजी, तुमचं घर इथून दोन गल्ल्या मांगं हाय. तीस वर्षं झाली मी तुमाले पान खिलवून राह्यलो."

काका हसले नाहीत. "ते वेगळं. आत्ता मी पाहुणा आहो. पाहुण्याले नीट सांगा."

मग ठेलेवाल्याने समोरच्या नव्या काचेच्या इमारतीकडे बोट दाखवलं. त्या इमारतीच्या दारात मी उभा होतो.

मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातला. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. गावातल्या एका ओळखीच्याने वॉचमनचं काम आहे म्हणून सांगितलं आणि मी इतक्या लांब येऊन पडलो. बारा तास उभं राहायचं. संध्याकाळी पोटऱ्या दगडासारख्या होत. इथले लोक "काय करून राह्यला?" असं विचारत, आणि मला उत्तर सुचेपर्यंत पुढे निघून जात. सात महिन्यांत मी फक्त दोन जागा पाहिल्या होत्या, खोली आणि हे दार. आपण चुकीच्या ठिकाणी शिरू, कुणी हटकेल, अशी सारखी धास्ती. स्वतः वॉचमन असून मला दुसऱ्या दारातल्या वॉचमनची भीती वाटे, आता बोला.

काका माझ्याजवळ आले आणि चौथ्या मजल्यावर काय आहे विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही, मी कधी वर गेलो नाही. गाव कुठलं विचारलं, ते सांगितलं.

"म्हणजे तुमीबी बाहेरगावचेच," ते एकदम खूश होऊन म्हणाले. "चाला मंग, जतकर. सुट्टीच्या दिवशी आपण दोघं फिरू."

जतकर! तोवर मला सगळे "ए वॉचमन" म्हणत. त्या एका हाकेसाठी मी त्यांच्याबरोबर कुठेही गेलो असतो.

माझी सुट्टी बुधवारी. चार वाजता काका यायचे आणि सहाच्या आत घरी पोचायचे, त्यात मिनिटाचा फरक नाही. त्यांची बायको तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. चारला एकदा कूस बदलायची, बाहेरून दाराला कडी घालायची, आणि सहाला परत. मुलगा हैदराबादला. काकांनी जन्मभर एका सरकारी कचेरीत कारकुनी केली होती. रिटायर झाल्यावर दोघांनी सिंगापूर पाहायचं ठरवलेलं. त्याऐवजी आता ते जायला एक तास आणि यायला एक तास, तेवढ्यात या गावाचा जो भाग बसेल तो पाहत.

तुम्ही म्हणाल, रोजच्याच बाजारात पाहायचं काय असतं? मलाही तसंच वाटलं होतं. पण काका प्रत्येक दुकानासमोर देवळासमोर थांबावं तसे थांबत. काचेतल्या बाहुलीची साडी निरखत. शिकवणी क्लासच्या पोरांच्या फोटोंची भिंत पाहून प्रत्येकाचे मार्क मोठ्याने वाचत. आर्णी रोडच्या एका नव्या दुकानात सरकता जिना होता. मी खालीच अडून राहिलो. काका वर पोचून ओरडले, "या जतकर, तो काही चावत नाही." मी आलो, पण डोळे मिटून. वर उभी असलेली मुलगी हसली. काका तिला म्हणाले, "पाहुणे आहेत, सांगलीकडचे." तेव्हापासून मला त्या दुकानाची भीती वाटली नाही.

सगळीकडे त्यांचा आणखी एक प्रश्न असे. "आणि याच्या आधी इथं काय होतं?" मोबाईलच्या दुकानात विचारत, कॉफीच्या दुकानात विचारत. तिथल्या पोरांना कुठून माहीत असणार? मग ते शेजारच्या म्हाताऱ्या शिंप्याला जाऊन विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नसत. मला वाटायचं, कचेरीची सवय, जुनी फाईल पाहिल्याशिवाय चैन पडत नसेल.

आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर गच्चीला लागून हॉटेल निघालं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. माझी ड्यूटी होती, म्हणून काका एकटेच लिफ्टने वर निघाले. साडेपाचला लाईट गेली. जनरेटर अजून बसवलेला नव्हता. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे अडकली.

दहा मिनिटं लाईटची वाट पाहून मी जिन्याने धावत वर गेलो. दाराच्या फटीतून काकांचा आवाज आला. "मी ठीक आहो. किती वाजले?"

"पावणेसहा, काका."

काकांनी आतून दारावर थाप मारली. मग म्हणाले, "जतकर, माह्या घरी जाय. हनुमानाच्या मंदिरामागची गल्ली, निळं दार. शेजारचे लग्नाले गेले आहेत. तिची कूस पालटून दे."

दार सोडलं तर नोकरी जाईल, सुपरवायझरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि परक्या बाईला मी हात कसा लावू? मी तसं म्हणालोही. फटीतून उत्तर आलं, "तिची पाठ आग करत असंन रे."

मी गेलो. गल्ली मला तोंडपाठ होती, दर बुधवारी काकांना तिथवर सोडत होतो. कडी काढली. खिडकीजवळच्या खाटेवर काकू कुशीवर निजल्या होत्या. मी युनिफॉर्ममध्ये दारात थांबलो आणि बूट काढायला वाकलो.

"बूट राहू दे. जतकर ना तू?" त्या म्हणाल्या. "ते कुठं अडकले?"

लिफ्टमध्ये, असं सांगितल्यावर त्या हसल्याच. मग कसं करायचं ते मला शिकवलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. ओढायचं नाही, ओढल्याने कातडी सोलते. आधी गुडघा मोडायचा, मग हळूच लोटायचं, पाठीमागे उशी लावायची. त्या वजनाला अगदी हलक्या होत्या, पोत्यातला कापूस काढून घेतल्यावर पोतं राहतं तशा.

उशी लावून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "लिफ्टमंधी आरसा आहे का रे?"

मी म्हणालो, लिफ्ट मी आतून कधी पाहिली नाही.

"मंग आल्यावर तेच सांगतीन. मीच धाडते त्यायले. आज या गल्लीत जा, उद्या त्या. मले फक्त जुनं गाव ठाऊक आहे ना. आधी तिथं काय होतं ते सांगितलं का मले बरोबर जागा सापडते." मग म्हणाल्या, "नाहीतर ते खाटीपासून हलतच नव्हते. मी पडलीच आहो. त्यायनं कायले पडून राहायचं?"

त्यांचं माहेर फुलसावंगीचं. त्या बाहेरगावच्या, तरी लग्न होऊन आल्यावर हे सगळं गाव त्यांनीच हिंडून काकांना दाखवलं होतं, असं त्यांनी सांगितलं. काका तेव्हा फक्त कचेरी आणि घर ओळखत.

मी परत आलो तेव्हा लाईट आली होती. काका घामाघूम होऊन दारात उभे होते. माझ्या तोंडाकडे पाहून कूस बदलून झाल्याचं त्यांना कळलं. ते घराकडे चालू लागले, जवळजवळ पळतच.

दार सोडलं म्हणून सुपरवायझरने मला मागच्या पार्किंगच्या फाटकावर टाकलं. तिथे ना सावली ना माणूस. चौथ्या दिवशी काका अर्ज घेऊन आले. पान भरून सुंदर अक्षर. विषय: लिफ्टमध्ये अडकलेल्या इसमाबाबत. स्वतःला त्यांनी अर्जभर "सदर इसम" म्हटलं होतं आणि मला "कर्तव्यदक्ष कर्मचारी". सुपरवायझरने तो वाचला की नाही, कोण जाणे. पण काका रोज येऊन अर्जाचं काय झालं विचारू लागले. कारकुनाच्या चिकाटीपुढे कोण टिकणार? बाराव्या दिवशी मला पुढच्या दारात परत घेतलं.

काकू थंडीत गेल्या. तेरवी झाल्यावर काही दिवसांनी काका आले. टोपी नव्हती, बाटली नव्हती. मुलगा न्यायला आलाय, उद्या हैदराबादला निघायचं, म्हणाले. तिथे म्हणे पाहण्यासारखं खूप आहे. हे त्यांनी इतक्या थकल्या आवाजात सांगितलं, की मला पुढे काही विचारवेना.

"तो चौथा मजला राह्यला," ते म्हणाले.

मी नव्याने आलेल्या जोडीच्या वॉचमनला दारावर थांबवलं आणि त्यांना जिन्याने वर नेलं. प्रत्येक मजल्यावर ते कठडा धरून थांबले. हॉटेल तोवर बंदही पडलं होतं, टेबलं एकावर एक रचून ठेवली होती. गच्चीवरून सगळं गाव दिसत होतं. मी त्यांना दाखवू लागलो, तो बसस्टँड, ती आर्णी रोडची दुकानं, तो सरकता जिना त्या तिथे. ते तिकडे पाहतच नव्हते. कठड्यावरून वाकून खाली बघत होते.

"ते आमचंच घर होय ना?"

होतं. टिनाचं छप्पर, निळं दार, आणि खाटेजवळची ती खिडकी. अगदी पायाशी.

काकांनी खिडकीकडे बोट केलं. मग म्हणाले, "एवढ्या जवळ होतो मी. मले वाटे, लय दूर जाऊन राह्यलो."

खालून मला हाक आली. काका म्हणाले, "तू जाय. मी येतो."

मी उतरून माझ्या दारात उभा राहिलो. माणसं आत जात होती, बाहेर येत होती. सहा वाजले. साडेसहा झाले. समोरच्या शोरूमचे दिवे लागले. काका उतरले नव्हते. सहाच्या आत घरी पोचायची घाई त्यांना पहिल्यांदाच नव्हती, म्हणून मी त्यांना बोलवायला गेलो नाही.