उष्टं व्हायच्या आधी

परळच्या खानावळीत दुपारी ते माझ्यासमोरच्या बाकावर बसत. मी त्यांना नाव कधी विचारलं नाही. गळ्याखालची कातडी सैल लोंबायची आणि जुन्या शर्टात आणखी एक माणूस सहज मावला असता. थाळी आली की ते आधी आपला रिकामा डबा उघडत. अर्धी चपाती, थोडी भाजी आणि माशाची तुकडी ठेवून बाकीचं सगळं डब्यात भरत, आणि मगच पहिला घास घेत.

मी बघतोय म्हटल्यावर एकदा स्वतःच म्हणाले, "वजनाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी पोट लहान केलं, पण पानात टाकायचं नाही ही आईची शिकवण आहे तेवढीच आहे. एकदा उष्टं झालं की मी संपवणारच. म्हणून आधीच काढतो."

मग एकेक घास इतका चावत, की माझे हात धुऊन झाले तरी त्यांची अर्धी चपाती संपलेली नसे.

खानावळीत सत्यनारायण होता त्या दिवशी वाढप्याने त्यांच्यापुढे वाटीभर शिरा ठेवला. त्यांनी चिमूटभर घेतला, कपाळाला लावून तोंडात टाकला आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

"घ्या हो शेठ," वाढपी म्हणाला, "एवढ्याने काय होतंय?"

ते हसले. "एवढ्या-एवढ्यानेच झालं होतं, बाबा."