हातमोज्यांचे दोन जोड

नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरला जाळीची खिडकी आहे. यशोधरा साळवे अकरा वर्षं त्या खिडकीच्या आत बसते. बाहेरून चिठ्ठी येते, आतून माल जातो. ड्रिल, ऑइल, हातमोजे. चिठ्ठी तारेला खोवायची, पुढची घ्यायची.

तिला हे काम शिकवलं ते तेव्हाचे स्टोअरकीपर रंभाजीकाका यांनी. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "सही हाय का तेवढं बघायचं. कशाला पायजे ते इचारायचं न्हाई. इचारलं की भांडन." तिने कधी विचारलं नाही. अकरा वर्षांत त्या खिडकीवर भांडण झालं नाही.

मार्चअखेर कारखाना चाकणला जाणार होता. स्टोअरच्या माणसांना तिकडे जागा नव्हती. म्हणून यशोधराने ऑनलाइन वर्गात बिझनेस अ‍ॅनालिस्टचं काम शिकून घेतलं. ग्राहकाला नेमकं काय हवंय ते शोधायचं आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कळेल असं लिहून द्यायचं, असं ते काम. दोन मुलाखतींत ती नापास झाली होती. तिसरी गुरुवारी होती. त्यापुढे हातात एकही नव्हती.

पुण्यात नोकरी करणारी नणंद निकिता रविवारी फोनवर तिची तयारी करून घ्यायची.

"मी ग्राहक. मला रोज सकाळी शिल्लक मालाचा रिपोर्ट पाहिजे. तू काय करशील?"

"देईन."

"वहिनी, किराणा दुकानात बसलीयेस का? मागितलं की बांधली पुडी! आधी विचार ना, कशाला पाहिजे म्हणून."

"त्यांनी मागितलाय ना."

"दोन्ही वेळेला इथंच घालवलंस. उद्यापासून दिसेल त्याला विचारायचं, कशाला. आईने चहा मागितला तरी."

"आईंना विचारते. मग चहा करायला तूच ये."

सोमवारी तिने कोणालाच विचारलं नाही. मंगळवारी लेथ मशीनवरचा गहिनीनाथ आला. त्याची दर मंगळवारची चिठ्ठी ठरलेली असे: चामडी हातमोजे, दोन जोड. खाली सुपरवायझरची सही.

"कशाला?" यशोधराने विचारलं.

"आं?"

"दोन कशाला लागतात?"

"मॅडम, ताप-बिप आलाय का?" तो हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. आवाज खाली आणला. "एक मला. एक घरी. मंडळी लिंबं तोडाया जाती, रोजानं. काटं लई वाईट."

तिने दोन्ही जोड दिले. तो चार पावलं गेला आणि परत आला. "कुनाला सांगनार न्हाई ना?"

"नाही."

गुरुवारी रजा टाकून ती लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर तिघे होते. मधल्याने विचारलं, "मागणी कागदावर एक आणि गरज दुसरीच, असं कधी पाहिलंत?"

निकिताने पाठ करून घेतलेलं उत्तर तयार होतं. ते सोडून यशोधराने हातमोज्यांचं सांगितलं. नाव घेतलं नाही.

"हे कळलं कसं?"

"विचारलं."

"मग काय केलंत?"

"दोन्ही जोड दिले."

मधल्याने मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

सोमवारी संध्याकाळी मेल आला. निवड झाली होती. एक एप्रिलपासून, पुण्यात. निकिता फोनवर ओरडलीच. मग थांबून म्हणाली, "अगं, तुला आनंद झालाय ना?"

"झालाय की," यशोधरा म्हणाली आणि तिने कुकर लावला.

मंगळवारी गहिनीनाथ खिडकीवर आला. यशोधराने सवयीने दोन जोड काढून फळीवर ठेवले, मग चिठ्ठी पाहिली. एक जोड. सही तीच.

"एकच?"

"एकच बास, मॅडम." तो जाळीतून आत बघत नव्हता.

"दोन लिहून आण. देते मी."

"नको. तुमी इचारलं, उद्या दुसरं कुनी इचारील. भागतंय."

त्याच्या मागे तिघे उभे होते. तिने एक जोड बाहेर सरकवला, चिठ्ठी तारेला खोवली आणि पुढच्याची घेतली.