सासरे परीक्षेला बसतात

उभ्या भंडारा जिल्ह्यात निवृत्तीनंतर देवदर्शन आणि भजनीमंडळ सोडून इलेक्ट्रिकल डिझाइनच्या सॉफ्टवेअरची परीक्षा देणारा माणूस एकच असेल, आणि तो माझा सासरा आहे. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत त्यांनी जन्मभर विजेचं काम केलं, निवृत्त होऊन तुमसरला घर बांधलं आणि गृहप्रवेशाच्या पाठोपाठ लॅपटॉप आणला. माझा मेहुणा, म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्याच्या कंपनीत ज्या सॉफ्टवेअरवर कंट्रोल पॅनेलची ड्रॉइंगं काढतो, त्याच सॉफ्टवेअरचं सर्टिफिकेट मिळवायचं, असं त्यांनी जाहीर केलं. सासूबाईंनी विचारलं, "आता कायले जी? कोण नोकरी देऊन राहिलं तुमाले?"

"नोकरी पाह्यजे कोणाले?" सासरे म्हणाले, आणि चर्चा तिथेच संपली.

त्यांचा अभ्यास घरादाराला पुरून उरणारा. ड्रॉइंगमध्ये प्रत्येक उपकरणाला खुणेचं नाव द्यावं लागतं. त्याची सवय व्हावी म्हणून त्यांनी घरभर चिठ्ठ्या डकवल्या. पंखा एम-वन, पाण्याचा पंप एम-टू, मिक्सर एम-थ्री. "एम-थ्री बंद कर ना, आवाज होऊन राहिला!" असं ते आतून ओरडत आणि सासूबाई हटकून पंखा बंद करत. एका लग्नात तर मांडवाची रोषणाई बघता बघता त्यांनी पत्रिकेच्या पाठीवर तिच्या वायरिंगचा सगळा आराखडा काढला आणि मुलीच्या बापाच्या हातात ठेवला. त्या बिचाऱ्याने आहेराचं पाकीट समजून तो न बघताच खिशात घातला. सराव परीक्षा ते घरीच देत. पण इस्त्रीचा शर्ट, पायात बूट आणि सासूबाईंच्या हातचं दही-साखर खाऊन. मला हसू आलं तर म्हणाले, "जावईबापू, परीक्षेले लुंगीवर बसतेत काय?"

अडलं की पुण्याला फोन, तोही स्पीकरवर. मेहुणा मुळात अबोल. 'जेवला काय?' 'हो.' 'ठेवू काय मंग?' 'ठेवा.' यापलीकडे बापलेकाचं फोनवरचं बोलणं वर्षानुवर्षं गेलं नव्हतं. आता मात्र वायरींना नंबर आपोआप कसे पडतात, या विषयावर भाजी गार होईपर्यंत चाले.

परीक्षेला नागपूरच्या केंद्रावर मीच त्यांना घेऊन गेलो. बाहेर आले ते पडलेल्या चेहऱ्याने. ड्रॉइंगमधल्या रेषा एका ओळीत आणण्यात सगळा वेळ गेला आणि अर्धं पॅनेल काढायचंच राहिलं. "वाकडी रेष तशीच सोडू काय जी?" त्यांनी उलट मलाच विचारलं. अर्थात नापास.

त्या संध्याकाळी मेहुण्याने आपणहून फोन केला. "बाबा, आधी सगळं काढून घ्यायचं, सरळ मंग करायचं. मी बी पहिल्या बारीले नापासच झालो होतो."

"तू? आमाले तर कधी सांगतलं नाही!"

"कसा सांगू? तुमी तिकडे नोकरीचे पेढे वाटून राहिले होते."

सासरे हळूच म्हणाले, "मार्क किती पडले होते रे?" आणि दोघंही असे हसले, की सासूबाई पोळी तव्यावर टाकून बघायला आल्या.

दुसऱ्या खेपेला सासरे पास झाले. सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले, मी हार घेऊन गेलो. हार गळ्यात घालून ते खुर्चीत बसले, पण चेहरा उतरलेला. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "काही नाही. झालो न पास. आता त्याले फोन करून काय विचारू?"

पुढच्या रविवारी आम्ही जेवायला गेलो, तेव्हा ते मागच्या अंगणात फोनवर बोलत होते. "एकाच रिलेचे कॉन्टॅक्ट दुसऱ्या पानावर असले, तर ते शोधाचे कसे रे? मले काही समजून नाही राहिलं."

हीच गोष्ट त्यांनी दुसऱ्या परीक्षेनंतर नागपूरहून परत येताना बसमध्ये मला तुमसर येईपर्यंत समजावून सांगितली होती. शेजारच्या प्रवाशालासुद्धा ती पाठ झाली असेल. पलीकडून मेहुणा सावकाश, अगदी पहिल्यापासून सांगू लागला. सासऱ्यांची नजर माझ्याकडे गेली आणि ते किंचित ओशाळले. मी मुकाट्याने आत गेलो आणि सासूबाईंना म्हटलं, पानं जरा उशिरानेच वाढा.