गप्प राहिलं म्हणजे कबूल नाही

नवऱ्याच्या तेराव्याला, पंगत उठल्याबरोबर, भायानं माझा हिस्सा गिळायला घेतला. माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, दोघा भावांचं भागीत आडत दुकान होतं. चार पंच बसवून भाया म्हणाला, "आता दुकान मी एकलाच बघतो. धाकलीला इचारा, पटतंय का." भाया म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर धाकट्या सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही आमच्यातली रीत. मी दाराआड उभी, दोन्ही पोरी पदराला धरून. "गप हाय, म्हंजी कबूल हाय," म्हणत त्यानं अडकित्ता उचलला. सुपारी फुटली की बोलणं पक्कं.

"कबूल कोण म्हणलं?" माझ्यामागून आवाज आला.

भाया तडकला. "भाडेकरीण हायेस, भाडेकरणीवानी ऱ्हा!"

"खोली भाड्याची हाय, कान माझे हायेत. होकार ऐकू आला न्हाई."

या आमच्या लॉबाई. बीडच्या एका गॅरेजवाल्याची लेक. कॉलेजात कॉमर्सच्या पोरांना बिझनेस लॉ शिकवायच्या म्हणून पोरांनीच हे नाव पाडलेलं. "वकील होणाऱ्याला कायदा पोटापुरता लागतो, वहिनी. बाकीच्यांना जगायला लागतो," असं म्हणायच्या.

पोरांना इंग्रजी पुस्तक झेपत नसे. मग संध्याकाळी आमच्या ओट्यावर लॉबाई म्हशी आणायच्या. "काका पुतण्याला म्हणला, तू काई बोलला न्हाईस तर तुझी म्हैस माझी. पुतण्या गप बसला. झाली का म्हैस काकाची?" पोरं एका सुरात म्हणायची, "झाली, मॅडम." "मग तुझी मोटरसायकल माझी. बोल पटकन!" मी आत भाकरी थापत हसायचे.

फुकट काही घ्यायच्या नाहीत. मी वाटीभर कालवण दिलं की वाटीत हिरव्या मिरच्या परत यायच्या. "मोबदल्याशिवाय करार न्हाई." आमच्याकडं भांडं रिकामं परत देत नाहीतच, त्याला लॉबाई कायदा म्हणायच्या. ईदचा शिरखुर्मा मात्र मोबदल्याशिवाय यायचा. कारण विचारलं तर म्हणायच्या, "गप खा."

त्या दिवशी पंच माझ्याकडं बघत होते. लॉबाई हळूच म्हणाल्या, "भागीदार मरतो, वहिनी, हिस्सा मरत न्हाई. पण बोलावं तुम्हालाच लागंल." मी पदर सावरला, पुढं झाले आणि भायाच्या तोंडावर म्हणाले, "न्हाई." सुपारी तशीच राहिली. गाळ्याच्या मधोमध भिंत उभी राहिली. भिंतीच्या अलीकडं मी बसायला लागले.

माझा राग एवढ्यानं शमला नाही, आणि मला तो शमवायचाही नव्हता.

काही वर्षांनी भायाचं दुकान बसलं. त्याला दोन्ही गाळे मिळून विकायचे होते, एकट्या अर्ध्याला गिऱ्हाईक नव्हतं. घरी आला, गोड बोलला. मी चहा दिला आणि एक शब्द बोलले नाही. त्याच्या टाळक्यात तीच जुनी रीत. घेणाऱ्याकडून इसार घेतला, मोंढाभर जिलबी वाटली. माझ्याही गाळ्यात पुडा आला. मी तो हमालांना दिला आणि गप्प बसले.

रजिस्ट्रीच्या दिवशी कचेरीच्या दारात, घेणाऱ्यासमोर, मोंढ्याच्या चार लोकांसमोर मी तोंड उघडलं. "मी कधी म्हणले इकते म्हणून?"

"तू गप व्हतीस की!" भाया ओरडला.

लोक हसले. ते हसू मला आजही पुरतं.

लॉबाईंना मात्र आवडलं नाही. "हे मी शिकवलं नव्हतं, वहिनी."

"म्हैस तुमचीच हाय, बाई."

"म्हातारा माणूस हाय तो."

"तेराव्याला तरणा व्हता."

त्या काही बोलल्या नाहीत. मी त्याला होकार धरला नाही.

पुढं त्यांची बदली बीडला झाली. तिथंच कॅन्सरनं गेल्या. मी मातीला गेले, बायकांत बसून रडले. भाया त्याआधीच मेला होता. त्याच्या तेराव्याचं जेवण मी जेवले नाही.

आता दोघंही नाहीत. मी आहे, पोरी आहेत, आणि माझा अर्धा गाळा चालू आहे.