हिरवा दिवा आणि जळका कापूस

"हिरवा लागला ना डागदरीणबाई? मंग सोडा मले," भागवतभाऊ स्ट्रेचरवरून पाय खाली सोडत म्हणाले. "घरी पाव्हणे येऊन राहिले. पोरीचं कुंकू हाय आज, सोयरीक पक्की व्हनार."

मशीन माझ्याच हातात होतं आणि डिस्चार्जचा कागद मी जवळ ओढलाही होता.

भागवतभाऊ जवळच्या जैनाबाद गावचे. केळीचे घड ट्रॉलीत भरताना सकाळी घसरले आणि डोक्याच्या डाव्या बाजूवर आपटले. दोन मिनिटं शुद्ध नव्हती. सोबत त्यांची थोरली बहीण आली होती. तिला सगळे जिजी म्हणत होते, म्हणून मीही जिजीच म्हटलं.

मशीन नवंकोरं, दिसायला केस वाळवायच्या ड्रायरसारखं. आमच्या हॉस्पिटलचे मोठे साहेब, म्हणजे मालक. त्यांनी त्याला हार घालून नारळ फोडला होता. तेव्हापासून शेजारच्या इतवारा मोहल्ल्यातली माणसं पोटदुखी घेऊन आली तरी 'वो लाईटवाली मशीन लगाओ' म्हणायची. मशीनचं काम सोपं आहे. डोक्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूला सारख्याच जागी ते डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतं. आत रक्त साकळलं असेल तर त्या बाजूला प्रकाश जास्त शोषला जातो. दोन्हीकडे फरक दिसला की लाल दिवा, नाही तर हिरवा. ते सीटी स्कॅनच्या जागी वापरायचं नसतं, सीटीला कुणाला आधी पळवायचं एवढंच त्यातून कळतं. ट्रेनिंग द्यायला आलेल्या माणसाने हे तीनदा सांगितलं होतं. आम्ही तेव्हा समोसे खात होतो.

साहेबांनी दारातून डोकावलं. "क्या आया?"

"ग्रीन, सर. पण बेशुद्ध पडले होते. सीटी करून घेऊ या."

"फिर मशीन किसलिए लिया, मॅडम?"

मी पेन उचललं. खरं सांगायचं तर हिरवा दिवा मलाही आवडला होता. बाहेर बारा पेशंट खोळंबले होते.

"कागद मग लिहा, आधी टाके घालायचेत," मालती सिस्टर म्हणाल्या. त्यांना या वॉर्डात वीस वर्षं झालीत. मशीनवर त्यांचा काडीचा विश्वास नाही, आणि माझ्यावर फार आहे असंही नाही. त्यांनी सलाइन ओतून जखम पुसायला घेतली. गॉज काळंकुट्ट झालं. दुसरं घेतलं, तेही काळं.

"हे काय लावलं, जिजी?"

"कापूस जाळून त्याची राख, बाई. तेलात कालवली. रगत थांबते ना. आमच्याकडे समदेच लावतात."

जिजीचा हात सढळ होता. कानशिलापासून टाळूपर्यंत डावी बाजू तिने लिंपून काढली होती. काळ्या केसांत काळी राख, मला ती दिसलीच नव्हती.

मी पेन खाली ठेवलं. काळी राख प्रकाश पिऊन टाकते. म्हणजे राखेमुळे तरी मशीनने डाव्या बाजूला लाल दाखवायला हवा होता. तो हिरवा कसा?

"जिजी, उजवीकडेही लावली का राख?"

"नाही बा. तिकडं कुठं लागलं व्हतं?"

हिरवा म्हणजे दोन्हीकडे फरक नाही. मग उजवीकडे तेवढाच प्रकाश कोण पीत होतं? मार एका बाजूला बसतो, आत मेंदू हिंदकळतो आणि कधी कधी रक्तस्राव दुसऱ्याच बाजूला होतो. हे आम्ही कॉलेजात घोकून पाठ केलेलं असतं आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरलेलं असतं.

"भागवतभाऊ, पोरीचं नाव काय?"

त्यांनी थोडा विचार केला आणि जिजीकडे बघून म्हणाले, "शांता."

"शांता तं मी हाय रे," जिजी म्हणाली.

सिस्टरांनी मिनिटभरात डोकं धुऊन काढलं. मी पुन्हा मशीन लावलं. उजव्या कानशिलाजवळ लाल दिवा लागला. सीटीचं सेंटर बाहेर होतं; साहेब काही बोलायच्या आत मी अँब्युलन्स मागवली. सीटीत उजवीकडे रक्ताची चांगली मोठी गाठ निघाली. त्याच अँब्युलन्सने त्यांना इंदूरला नेलं आणि तिथे ऑपरेशन झालं.

आमच्या दारातून अँब्युलन्स सुटायच्या आधी जिजीने माझा हात धरला होता. "माह्या राखेनं झालं का वो हे?"

"नाही जिजी. राख धुता आली. चूक माझी आहे. डोक्याला हात न लावता मी दिवा बघत बसले."

हे बोलताना मला भयंकर लाज वाटली. पाव्हण्यांच्या घाईत मी त्यांना सोडलं असतं, तर कुंकवाच्या मांडवातच माणूस गेला असता.

कुंकू महिनाभर पुढे गेलं. भागवतभाऊ भादरलेल्या डोक्यावर टोपी चढवून मिरवले, असं ऐकलं.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. "इसका प्रोटोकॉल बनाओ, मॅडम. अंग्रेजी में." मी 'प्री-स्कॅन स्काल्प प्रिपरेशन' असं भारदस्त नाव देऊन दीड पान लिहिलं, साहेबांनी सही केली आणि ते मशीनच्या कपाटावर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी मालती सिस्टरांनी त्यावर एक कागद डकवला. त्यावर स्केचपेनने लिहिलं होतं: 'पहले सिर धोओ.'

दीड पान खाली झाकलं गेलंय. कुणाचं काही अडलेलं नाही.