मेंबरबाईंचं तिकीट

मेंबरबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं बोलणं त्या ज्याचं त्याच्या आवाजात परत म्हणून दाखवत. नुसते शब्द नव्हेत. बोलणाऱ्याचं खाकरणं, मधेच थांबून चष्मा वर सरकवणं, आवंढा गिळणं, सगळं त्यात यायचं. मागच्या निवडणुकीत आमच्या पारावर कोण काय बोललं होतं, ते मासोळ्या साफ करता करता त्या अशा सुरू करत की शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसत. त्यांना स्वतःला मात्र हसू येत नसे. मी एकदा म्हटलं, "मावशी, नक्कल छान करता तुम्ही." त्यांना ते आवडलं नाही. "नक्कल नाही वं. तू कागदावर लिवून ठेवतं, मी असं ठेवते."

सिहोऱ्याच्या पुढे तीन कोसांवर त्यांचं गाव. धानाची बांधी, मालगुजारांच्या काळातला एक मोठा मामा तलाव आणि तलावाच्या पाळीला, म्हणजे काठच्या बांधाला लागून ढिवर मच्छीमारांची चाळीस घरं. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी तिथल्या शाळेत मास्तरीण म्हणून गेले. माझं लहानपण जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. वडील फॅक्टरीत, सकाळी भोंगा, दारात फॅक्टरीची बस. तलाव मी पाहिले होते ते बसच्या खिडकीतून. मेंबरबाईंच्या घराला लागून मला खोली मिळाली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पक्षाकडून आलेलं पत्र माझ्यापुढे धरलं आणि सांगितलं, "वाच. जे लिवलं तेच वाच, आपल्या मनचं घालू नको."

त्या पक्षाच्या तालुका कमिटीच्या मेंबर होत्या. पक्षाचं नाव सांगत नाही. त्यात भांडणारे दोन्ही गट एकाच पक्षाचे होते, एवढं पुरे. कमिटीत एक बाई हवी आणि मच्छीमारांपैकी एक माणूस हवा, असं वरून पत्र आलं. पुढाऱ्यांनी एकाच माणसात दोन्ही कामं उरकली. मेंबरबाईंनी फोटोपुरतं यावं, चहा घ्यावा आणि जिथे दाखवतील तिथे अंगठा उमटवावा, अशी सगळ्यांची समजूत होती. त्या मात्र प्रत्येक बैठकीला जात. मासोळीची टोपली रेस्ट हाऊसच्या पडवीत ठेवायची, आत भिंतीला टेकून बसायचं आणि शेवटपर्यंत ऐकायचं. बैठकीचं इतिवृत्त सेक्रेटरीपेक्षा त्यांच्याकडे जास्त बिनचूक असे, पण ते त्यांना कोणी विचारत नसे.

त्या वर्षी विधानसभेच्या तिकिटासाठी तालुक्यात दोन नावं होती. एक तुमसरचे राइस मिलवाले भाऊसाहेब आणि दुसरे भंडाऱ्याच्या कोर्टातले वकीलसाहेब. दोघेही पक्षाचे जुने निष्ठावंत, आणि दोघांत एवढं वैर की एकाने हार घातलेल्या पाहुण्याला दुसरा हात जोडत नसे. तालुका कमिटीतही फूट पडली. अध्यक्ष भाऊसाहेबांचा, सेक्रेटरी वकीलसाहेबांचा. झालं असं की कमिटीचा रबरी शिक्का अध्यक्षाच्या घरी राहिला आणि छापील लेटरहेडं सेक्रेटरीच्या पेटीत. त्यामुळे दोन महिने एकालाही धड ठराव करता येईना. अध्यक्ष वहीच्या कोऱ्या पानावर शिक्का मारून ठराव पाठवी, तर सेक्रेटरी बिनशिक्क्याच्या लेटरहेडवर. वरून दोन्ही परत येत. मेंबरबाईंच्या भाषेत, "एकाजवळ डोंगा, दुसऱ्याजवळ वल्हं. दोघंबी काठावरच बसून हायेत."

कमिटीत एकवीस जण होते. पक्षाचा निरीक्षक मुंबईहून येऊन प्रत्येकाचं मत घेणार, असं कळलं तेव्हा मिलवाल्यांनी आपली दहा माणसं जीपमध्ये घालून रामटेकला दर्शनाला नेली. दर्शन एका तासात आटपलं, माणसं मात्र तीन दिवस धर्मशाळेत ठेवली. त्यातल्या एका म्हाताऱ्या मेंबराची म्हैस व्यायला झाली होती. तो संडासला जातो म्हणून निघाला तो थेट एसटीने घरी आला. त्याला पुन्हा न्यायला जीप आली तेव्हा त्याने म्हशीकडे बोट दाखवून सांगितलं, "हिचं होऊन जाऊ द्या, मंग तुमचं पाहू." वकीलसाहेबांच्या लोकांनीही आपले दहा मोजून वेगळे ठेवले होते. उरल्या मेंबरबाई.

मग आमच्या गल्लीत एक दिवस एक जीप, दुसऱ्या दिवशी दुसरी. मिलवाले भाऊसाहेब स्वतः आले. मेंबरबाईंनी खाट टाकली, पाणी दिलं. भाऊसाहेब खाकरून म्हणाले, "मेंबरबाई, तलाव तुमच्या सोसायटीलाच भेटन. निवडून आलो का पयलं काम थेच." दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब आले. "असं आहे बघा मेंबरबाई, तलावाची फाईल मी स्वतः वर पोचवणार आहे." दोघांनाही मेंबरबाईंचं उत्तर एकच होतं, "पायते."

तलाव हे त्या वस्तीचं जगणं होतं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाळी टाकणारी ही माणसं, पण तलावाचा ठेका दरवर्षी बाहेरच्या ठेकेदाराला जाई आणि ही मंडळी स्वतःच्याच तलावावर त्याची मजुरी करत. सोसायटी रजिस्टर झाली असती तर ठेका सोसायटीला मिळाला असता. अर्ज करून सहा वर्षं झाली होती. अर्ज करायच्या थोडं आधीच एका पोराला, मेंबरबाईंच्या धाकट्या दिराला, चोरून जाळं टाकलं म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी पाळीवर बांधून मारलं होतं. त्याचा उजवा हात नंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही. मेंबरबाई ही गोष्ट कधी सांगत नसत. मला ती त्यांच्या सुनेने सांगितली.

निरीक्षक आला तो रविवार होता. मेंबरबाई सकाळीच माझ्या दारात उभ्या. "चाल तुमसरले. माझ्यासंग."

"मावशी, मी सरकारी नोकर आहे. मला राजकारणात पडता येत नाही."

"राजकारण मी करते. तू वाचाचं काम कर. मास्तरनीनं वाचाचं नाही तं कोनं?"

हेडमास्तरांनी आदल्याच दिवशी मला बजावलं होतं की या भानगडीत दिसलीस तर बदली होईल. मी खोटं बोलणार नाही, मला भीती वाटत होती. तरी गेले. दोन्ही जीपवाले आम्हाला घ्यायला नाक्यावर उभे होते. मेंबरबाईंनी दोघांना सांगितलं, "व्हा पुढं, येतो," आणि आम्ही एसटीने गेलो.

रेस्ट हाऊसच्या आवारात एका आंब्याखाली एक गट, दुसऱ्या आंब्याखाली दुसरा. मधल्या मोकळ्या जागेतून आम्ही दोघी चालत गेलो तेव्हा दोन्हीकडून "मेंबरबाई, रामराम" झालं. निरीक्षक गोरे, उंच, पांढऱ्या टोपीतले गृहस्थ होते. पुस्तकासारखं मराठी बोलत. बाईंना वाचता येत नाही म्हणून मी सोबत आले आहे, असं सांगितल्यावर त्यांनी मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसू दिलं.

"हं, बोला बाई. तुमची पसंती कोणाला?"

"साहेब, पयले आयका." मेंबरबाई खाकरल्या आणि खोलीत मिलवाले भाऊसाहेब बोलू लागले. तलावाचं आश्वासन, तेही एकदा नव्हे. या वर्षीचं, जिल्हा परिषदेच्या वेळचं आणि त्याच्याही आधीचं. मग चष्मा सरकवल्यासारखं बोट नाकावर नेऊन वकीलसाहेब. "असं आहे बघा." तेही तीनदा. निरीक्षक आधी गालात हसत होते, मग मोठ्याने हसले, आणि मग हसायचे थांबले.

"साहेब, आता तुमी सांगा. याच्यात खरा कोन?"

"ते मी कसं सांगू?"

"मलेबी सांगता येत नाही. म्हनून माझं नाव लिवा."

"तुमचं?"

"मले द्या तिकीट."

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "बाई, मतदारसंघ केवढा असतो, माहीत आहे का तुम्हाला?"

मेंबरबाईंनी गावं सांगायला सुरुवात केली. डोक्यावर टोपली घेऊन त्या बाजाराबाजारांनी फिरलेल्या. कोणत्या गावात किती तलाव, कुठला फुटका, कुठल्या बोरिंगला पाणी नाही, कुठल्या पांदणीत पावसाळ्यात बैलगाडी फसते. बोटं मोजून त्या सांगत गेल्या. निरीक्षकांनी मधेच हात वर केला. "बरं, बरं. लिहितो." त्यांनी कागदावर एक शब्द लिहिला आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे सरकवली.

मेंबरबाईंनी डबीला हात लावला नाही. कागद उचलून माझ्याकडे दिला. "वाच."

निरीक्षक माझ्याकडे पाहत होते. डोळ्यांत धमकी नव्हती, उलट समजूतदारपणा होता. मुली, सोडून दे, असं काहीसं. बाहेर दोन्ही आंब्यांखाली माणसं ताटकळली होती. मी वाचलं, "तटस्थ."

"म्हंजे?"

"म्हणजे कोणाच्याच बाजूची नाही."

"असं कसं? मी तं माझ्या बाजूनं हावो नं," मेंबरबाई म्हणाल्या. रागाने नव्हे, चुकीची मासोळी टोपलीत गेली तर सांगावं, तशा.

निरीक्षकांनी तो शब्द खोडला आणि त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. मी पुन्हा वाचलं. मग मेंबरबाईंनी अंगठा दिला.

दहा, दहा आणि एक असा अहवाल वर गेला. एकमत नाही म्हणून वरच्यांनी दोघांनाही बाजूला सारून नागपूरला राहणाऱ्या एका तिसऱ्याच माणसाला तिकीट दिलं. दोन्ही गट घरी बसले आणि तो पडला. निकालानंतर मात्र दोन महिन्यांत न जमलेली गोष्ट झाली. लेटरहेड आणि शिक्का एका कागदावर आले. ठराव होता मेंबरबाईंना कमिटीतून काढण्याचा, एकमताने. ते पत्रही मीच त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "चला, कोन्या गोष्टीवर तं जमलं त्याईचं."

जूनमध्ये माझी बदली झाली, शहापूरला. ऑर्डरमध्ये कारण दिलं नव्हतं. मी ट्रंक भरत होते तेव्हा मेंबरबाई दारात येऊन बसल्या. मग विचारलं, "शापूरवरून भंडारा किती दूर हाय?"

"जवळच आहे, मावशी."

"मंग बरं झालं."

काय बरं झालं ते मला पुढच्या रविवारी कळलं. संध्याकाळच्या एसटीने मेंबरबाई आणि वस्तीतल्या चार बाया माझ्या खोलीवर हजर. रात्री तिथेच वरणभात, सकाळी उठून सोसायट्या रजिस्टर करणाऱ्या भंडाऱ्याच्या ऑफिसात. पुढाऱ्यांकडे जायचं त्यांनी सोडून दिलं होतं. दर सोमवारी त्या ऑफिसच्या पडवीत बसत आणि साहेब गेला की उठत. कोणाला शिवी नाही, घोषणा नाही. नवव्या की दहाव्या सोमवारी एका कारकुनाने वैतागून फाईल शोधून काढली आणि बाहेर येऊन सांगितलं की अर्जाच्या तिसऱ्या पानावर एका सभासदाचा अंगठाच नाही. बस एवढंच. सहा वर्षांत कोणी अडवलं नव्हतं आणि कोणी ते पानही उलटलं नव्हतं. तो अंगठा राहिला होता धाकट्या दिराचा. अर्जाच्या वेळी मार खाऊन तो घरी पडून होता, हात गळ्यात बांधलेला. पुढच्या सोमवारी तो आला आणि डाव्या हाताचा अंगठा देऊन गेला.

सोसायटी रजिस्टर झाली. दुसऱ्या वर्षी तलाव मिळाला. पहिली जाळी ओढली तेव्हा मला निरोप होता, मी गेले. डोंग्यातून मासळी पाळीवर आली. वस्तीतली म्हातारी माणसं नुसती बघत उभी होती. मेंबरबाईंनी दोन मोठे रोहू निवडून पळसाच्या पानांत बांधले आणि माणसं धाडली, एक मिलवाल्यांकडे, एक वकीलसाहेबांकडे. मला राग आला. "त्यांना कशाला, मावशी?"

"नाही पाठवलं तं तलाव आमचा झाला हे त्याईले कसं कळन?"

नंतर सोमवारचं काम उरलं नाही, तसं त्यांचं येणंही उरलं नाही. कधी बाजारच्या कोणासोबत सुकी मासोळी यायची, कधी नुसता निरोप. रविवारी संध्याकाळी एसटी थांबल्याचा आवाज आला की मी उगाच पाच माणसांचा अंदाज करून तांदूळ घेत असे आणि मग परत डब्यात टाकत असे.

त्या गेल्याचं मला पाचव्या दिवशी कळलं. साधा ताप होता म्हणे. मी गेले तेव्हा घरात सून होती. तिने मला खाटेवर बसवलं, जेवू घातलं आणि समोर बसून राहिली. शेवटच्या दिवसांत माझी आठवण काढत होत्या, असं म्हणाली.

"काय म्हणत होत्या?"

सून जरा संकोचली. मग सासूच्याच आवाजात म्हणाली, "मास्तरीन भेवते लय. पन वाचते बराबर."

मी उठले, हात धुतले आणि चारची बस धरली.