गुडघ्यामागची पाण्याची पिशवी

गुडघ्यातलं पाणी कितीही काढलं तरी काही जणांना ते परत साठतं. आमच्या कोथरूडच्या सोनोग्राफी सेंटरमधल्या किश्श्यांचंही तसंच. दर दिवाळीच्या फराळाला मी आणि डॉ. गद्रे ते सांगून सांगून संपवतो, आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत नवे जमलेले असतात!

गद्रे हाडांचे डॉक्टर, मी सोनोग्राफीवाली. गुडघ्याच्या मागच्या बाजूला कधीकधी पाण्याची पिशवी तयार होते. पूर्वी गद्रे ती बोटांनी चाचपून अंदाजाने सुई घालायचे. पुण्यात आयटी आली, घरोघरी कॉम्प्युटर आले, तेव्हा मीही नवं मशीन घेतलं. तेव्हापासून मी पडद्यावर पिशवी दाखवते आणि गद्रे पडद्याकडे बघत सुई घालतात. पेशंट पालथा झोपलेला, त्याला काहीच दिसत नाही. म्हणून गद्र्यांनी तुळशीबागेतून एक आरसा आणून समोरच्या भिंतीवर टांगला. आता पेशंटही त्यात पडदा बघतो.

*

एकदा बँकेतले एक साहेब आले. टेबलावर पालथे झोपले आणि घामाघूम झाले. म्हटलं, "अहो, अजून सुई टोचलीसुद्धा नाही."

"सुईचं काही नाही हो मॅडम. तांब्याभर पाणी पिऊन दोन तास थांबलोय. तुमच्या बाईंनीच फोनवर सांगितलं."

पोटाच्या सोनोग्राफीला येणाऱ्यांना तसं सांगावं लागतं. मी आमच्या रिसेप्शनच्या शेवडेबाईंना जाब विचारला.

"मी सगळ्यांना सांगते," शेवडेबाई म्हणाल्या. "कोणाचं काय दुखतंय, ते विचारायला आत डॉक्टर बसलेत."

*

एक सॉफ्टवेअर इंजिनिअर आरशात बघून सतत प्रश्न विचारत होता. पिशवी रिकामी झाली तरी थांबेना.

"सर, हे परत आलं तर?"

"तर तुम्हीही परत या," गद्रे म्हणाले. "आम्ही कुठे अमेरिकेला चाललोय?"

*

कात्रजचे एक काका जन्मभर डेअरीत दूध तपासायचं काम करत होते. गद्र्यांनी काढलेलं पिवळसर, चिकट पाणी त्यांनी सिरिंजसकट मागून घेतलं, उजेडात धरलं आणि हलवून पाहिलं.

"लई घट्ट हाय," ते म्हणाले. "फॅट चांगला लागंल."

गद्रे दिवसभर हसत होते.

*

आणि वानखेडेकाकू. नागपूरहून हडपसरला मुलाकडे आलेल्या. मुलगा आयटीत. काकू आत कपडे सावरत होत्या, तेवढ्यात तो बाहेर मला म्हणाला, "मॅडम, माझी मावशी गाठीनंच गेली. कॅन्सर होता. आईनं ही गाठ कित्येक महिने लपवली. परवा जिना चढताना मला दिसली."

काकू पालथ्या झोपल्या आणि त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. आरसा असून उपयोग नव्हता. मी गुडघ्यामागे मशीनचा प्रोब ठेवला. पडद्यावर रक्तप्रवाह दाखवणारा रंग लावून पाहिला, कडा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. आत पडद्यावर काळं दिसणारं स्वच्छ पाणी, दुसरं काही नाही. खरं सांगते, मलाच इतकं हायसं वाटलं की आवाज चढला.

"काकू, डोळे उघडा! कॅन्सर नाही. नुसतं पाणी आहे."

त्यांनी एक डोळा उघडला. गद्र्यांनी सुई घातली. आरशात ती काळी पिशवी लहान होत गेली आणि मिटली.

"गेली?"

"गेली. भरलीच तर परत काढू."

दाराशी येऊन उभा राहिलेला मुलगा भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसायला लागला. काकू उठून बसल्या. पदराने तोंड पुसलं आणि हळूच मुलाला म्हणाल्या,

"मी त शेजारणीले माही शिलाई मशीन देऊन टाकली ना रे. आता वापस कशी मागू?"